प्रत घेणें आणि प्रत देणें

भोरहून महाडकडे उतरतांना वरंध घाटांत वाघजाईचें देऊळ लागतें. तेथें उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे सह्याद्रीचे कडे एकाखालीं एक उतरत गेलेले दिसतात. घाट संपला कीं पायथ्याशीं वरंध गांव येतें आणि त्याच अंगास शिवथरचें खोरें आहे. या खोऱ्यांत, पावसाळ्यांत प्रचंड आवाजानें कोसळणाऱ्या एका धबधब्याच्या शेजारीं जी घळ आहे, तीच समर्थ रामदासांची शिवथरची घळ होय, असें धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं लोकांच्या नजरेस आणून दिलें. या घळींत बसून समर्थांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. घळ पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या मनांत ग्रंथ कसा रचिला गेला असेल, हा विचार सहज येतो. तो ग्रंथ त्या काळोख्या जागेंतून बाहेर कसा पडला आणि घरोघर कसा पोहोंचला, हा विचार मात्र फार थोड्यांच्या मनांत येतो.

ग्रंथ बाहेर पडला तो प्रतींच्या पायांनीं. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें उतरून घेतलें, त्याचें तिसऱ्यानें, आणि असें करतां करतां घाटाखालचा ग्रंथ देशावर, मराठवाड्यांत व थेट तंजावरपर्यंत गेला. आज हेंच काम विजेच्या यंत्रांवर चालतें. ज्या घरांत लिनक्सवर चालणारा संगणक आहे, तेथें एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मोठमोठ्या फाईली इतरांकडून घेण्यासाठीं व इतरांस देण्यासाठीं कोणता क्लायंट, म्हणजे कोणती आज्ञावली, ठेवावी? प्रश्न लहान दिसतो आणि त्याचें उत्तरहि बहुधा वेगाच्या व रंगरूपाच्या तुलनेनें दिलें जातें. आमच्या मतें तें उत्तर प्रतींच्या इतिहासांत शोधावें. म्हणून प्रथम थोडें मागें जाऊं आणि मग प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथांत नकल कशी करावी याचें इतकें बारीक विवेचन पाहून नव्या वाचकास नवल वाटतें. अक्षर वाटोळें, सुटें व काळेंभोर असावें. ग्रंथाच्या आरंभीं जसें वळण असेल तसेंच अखेरपर्यंत राहावें. तरुणपणीं हौसेनें काढलेलें अतिबारीक अक्षर म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून तें मध्यम आकाराचें काढावें. शाई, लेखण्या, कागद, कातरण्याचीं हत्यारें, बांधणीचें सामान हें सर्व जवळ नीट जमवून ठेवावें, असा तो उपदेश आहे. त्यांतील एक सूचना विशेष मार्मिक आहे. पानाच्या भोंवतीं जागा मोकळी सोडावी व मध्यें लिहावें. म्हणजे कागदाची कड झडून गेली तरी अक्षरास धक्का लागणार नाहीं. कागद नाशिवंत आहे हें या सूचनेंत गृहीतच धरिलें आहे. नाश टळत नसेल तर त्याच्या वाट्यास मोकळी कड द्यावी आणि मजकूर वांचवावा, ही दृष्टि एखाद्या अनुभवी कारागिराची आहे.

प्रत झिजण्याचा धोका जसा आहे तसा ती बिघडण्याचाहि आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीन शतकांच्या आंतच तिच्या प्रतींत इतके अपपाठ शिरले कीं एकनाथांना शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, निरनिराळे पाठ पाहून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली आणि या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये असा सक्त इशारा द्यावा लागला. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखकाचा एक ठराविक श्लोक आढळतो. त्यांत पोथी स्वतःच विनविते कीं मला तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून राखा व मूर्खाच्या हातीं देऊं नका. हीं तीन भयें पदार्थाचीं आहेत व चौथें माणसाचें आहे. प्रतींच्या सबंध इतिहासाचें सार या विनवणींत आलें आहे.

पुरेशा प्रति न झाल्या तर काय होतें, याचेंहि उदाहरण याच टापूंत आहे. वरंधपासून फार लांब नसलेल्या पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. शिवछत्रपतींच्या हयातींत त्यांच्या चरित्रावर संस्कृत काव्य रचणारा हा कवि. त्याच्या शिवभारताची पोथी महाराष्ट्रांत न सांपडतां दूर तंजावरास सांपडली. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं ती १९२७ सालीं प्रसिद्ध केली तेव्हां महाराष्ट्रास आपल्या राजाचें हें समकालीन चरित्र पहावयास मिळालें. परंतु तें अपुरें आहे. एकतीस अध्याय पूर्ण असून बत्तिसाव्याचे नऊ श्लोक होतांच पोथी थांबते. गांवोगांवीं प्रति असत्या तर एकीची उणीव दुसरीनें भरून काढतां आली असती, निदान कवीची लेखणी कोठें थांबली हें तरी ताडून पाहतां आलें असतें. एका खोऱ्यांतला ग्रंथ वीस दशकांनीं व दोनशें समासांनीं भरलेला आपल्या हातीं आहे, आणि शेजारच्या खोऱ्यांत विसावलेल्या कवीचा ग्रंथ मध्येंच तुटलेला आहे. हा भेद पाहिला कीं प्रति करणारांचें ऋण कळतें.

हीं गतकाळचीं दुःखें आहेत असें कोणी म्हणूं नये. २२ जुलै २०२१ या दिवशीं महाड शहर पुरांत बुडालें आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. माणसांच्या अशा मरणापुढें पुस्तकांची गोष्ट काढणें अप्रस्तुत वाटेल. तरी त्याच पावसानें दक्षिणेस चिपळूणचें, १८६४ सालीं स्थापन झालेलें, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्याखालीं नेलें. आणि २००५ च्या जुलैंतहि त्या ग्रंथालयावर हाच प्रसंग गुदरला होता, हें विसरून चालणार नाहीं. कोंकणांतल्या ग्रंथपालास पोथीची ती जुनी विनवणी अजून प्रतिवर्षीं ऐकूं येत असेल.

मुद्रणानें प्रतींची संख्या वाढविली. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारें देवांनीं १९०५ सालीं दासबोध छापिला तो डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. पाठ शुद्ध राहिला व प्रति विपुल झाल्या, हा दुहेरी लाभ झाला. परंतु छापखान्याच्या युगानें वाचकाकडून एक गोष्ट काढून घेतली. हस्तलिखिताच्या काळीं जो प्रत घेई, त्याच्यापाशीं पुढची प्रत देण्याचें सामर्थ्यहि येई. छापील पुस्तकाचा वाचक केवळ ग्राहक झाला. आवृत्ति संपली कीं तो प्रकाशकाच्या तोंडाकडे पाहूं लागला. संगणकाचें जाळें आलें तेव्हां पहिल्या प्रथम त्याचीहि रचना याच धर्तीची होती. फाईल एका मोठ्या यंत्रावर ठेवावयाची आणि हजारों लोकांनीं तेथून उतरून घ्यावयाची, असा तो प्रकार. मागणारे वाढले कीं तें यंत्र थकावें आणि तें बंद पडलें कीं सर्वांनींच रिकाम्या हातानें परतावें.

ही अडचण ओळखून १९९९ सालीं अमेरिकेंत शॉन फॅनिंग या तरुणानें नॅप्स्टर काढलें. यांत गाण्यांच्या फाईली लोकांच्याच संगणकांवर असत. कोणापाशीं काय आहे याची यादी तेवढी मध्यवर्ती यंत्रावर राही. गाणीं बहुधा दुसऱ्यांच्या मालकीचीं असल्यामुळें खटले झाले आणि जुलै २००१ मध्यें न्यायालयाच्या हुकमानें तें बंद पडलें. एक यादी बंद होतांच सगळा व्यवहार थांबला. मार्च २००० मध्यें निघालेल्या न्यूटेलाच्या योजनेंत मध्यवर्ती यादीच ठेवलेली नव्हती; त्यामुळें ज्या कंपनीच्या छत्राखालीं ती तयार झाली, तिनें दुसऱ्याच दिवशीं ती मागें घेतली तरी ती मेली नाहीं. परंतु तिच्यांत शोध मंद चाले आणि घेणारे पुष्कळ व देणारे थोडे, ही व्यथा राहिलीच.

या व्यथेवर ब्रॅम कोहेन यानें २००१ च्या जुलैंत बिटटॉरंटचा तोडगा आणला. त्याची युक्ति आपल्या पोथीच्या दृष्टान्तानें समजेल. समजा, मठांत दासबोधाची एकच प्रत आहे आणि ती चाळीस जणांस हवी आहे. एकामागून एक चाळीस जणांनीं ती उतरून घ्यावयाची म्हटलें तर वर्षें लोटतील. त्याऐवजीं पोथीचे समास सुटे करून प्रत्येकास निरनिराळा समास द्यावा, आणि एकाचा उतरून झाला कीं त्यानें तो शेजाऱ्यास दाखवावा व शेजाऱ्याचा आपण घ्यावा. थोड्याच दिवसांत चाळीसहि जणांजवळ पूर्ण ग्रंथ तयार होईल आणि मूळ पोथी मध्येंच कोणीं नेली तरी काम अडणार नाहीं. बिटटॉरंट फाईलीचे असेच लहान लहान तुकडे करतो. ज्या तुकड्याच्या प्रति मंडळींत सर्वांत थोड्या असतील, तो सर्वांआधीं उतरून घ्यावा, असा त्याचा एक नियम आहे. पोलादपूरच्या कवीच्या पोथीस हा नियम लाभता तर तिच्या दुर्मिळ अध्यायांच्या नकला सर्वांआधीं झाल्या असत्या.

दुसरा नियम शुद्धतेचा. प्रत्येक तुकड्याची गणितानें काढलेली एक मुद्रा मूळच्या लहानशा टॉरंट फाईलींत नोंदलेली असते. आलेल्या तुकड्याची मुद्रा तिच्याशीं जुळली नाहीं तर तो तुकडा टाकून देऊन पुन्हां मागविला जातो. एकनाथांनीं विद्वत्तेनें व कष्टानें जें केलें त्यांतील अर्थविवेकाचा भाग यंत्रास साधत नाहीं. परंतु मधल्या हातानें कांहीं घुसडलें तर तें लगेच ओळखण्याचा भाग त्यास साधतो. ही मुद्रा काढण्याची जुनी रीत दुबळी आहे असें २०१७ सालीं सिद्ध झालें. त्यानंतर या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तींत अधिक बळकट रीत आली.

तिसरा नियम व्यवहारधर्माचा आहे. जो आपल्यास देतो त्यास आधीं द्यावें, असें कोहेननें ठरविलें. मात्र नुसत्या या नियमानें नव्या माणसाचा निभाव लागला नसता, कारण त्याच्याजवळ आरंभीं देण्यास कांहींच नसतें. म्हणून दर तीस सेकंदांनीं आळीपाळीनें एखाद्यास, त्यानें कांहीं दिलें आहे कीं नाहीं हें न पाहतां, संधि द्यावी अशी पुरवणी त्यानें जोडली. परतफेडीच्या हिशोबांत थोडी निरपेक्ष देणगी मिसळल्यावांचून समाज चालत नाहीं, ही गोष्ट या यंत्रविद्येच्या माणसानें ओळखली, हें विशेष होय.

आतां लिनक्सकडे वळूं. लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिलेली ही संगणक-व्यवस्था मुळींच प्रत घेण्याच्या व देण्याच्या मोकळीकीवर उभी आहे. तिची घटना सर्वांस वाचण्यास खुली असते, ती कोणींहि उतरून घ्यावी, सुधारावी व पुढें द्यावी, असा तिचा परवानाच आहे. डेबियन, फेडोरा, उबंटू अशा नांवांनीं तिच्या ज्या सिद्ध प्रति निघतात, त्यांच्या फाईली फार मोठ्या असतात. नवी प्रत निघतांच जगभरचे लोक तिच्यावर एकदम तुटून पडतात आणि त्या वेळीं टॉरंटचा मार्ग फार उपयोगी पडतो. टॉरंट म्हटलें कीं चोरीचे चित्रपट आठवणाऱ्या सद्गृहस्थांनीं हा मुद्दा ध्यानांत ठेवावा.

टॉरंटची पद्धति खुली असल्यामुळें तिच्यासाठीं कोणींहि क्लायंट लिहूं शकतो. म्हणून निवडीचा प्रश्न उद्भवतो. या क्लायंटांचा वीस-बावीस वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. २००३ सालीं अझ्युरिअस नांवाचा क्लायंट निघाला. तो जावा भाषेंत लिहिलेला असल्यानें लिनक्सवरहि चाले व एके काळीं फार लोकप्रिय होता. पुढें त्याचें नांव व्ह्यूझ झालें, त्यांत चित्रफितींचें दुकान व जाहिराती शिरल्या, तो जड होत गेला आणि शेवटीं त्याची वाढ थांबली. त्याचा पाया खुला असल्यामुळें त्याच्याच जुन्या कारागिरांपैकीं कांहींनीं २०१७ सालीं त्याची स्वच्छ शाखा बिग्लीबीटी या नांवानें चालू केली. २००५ मध्यें विंडोजसाठीं निघालेल्या म्यूटॉरंटचा अनुभव याच्या उलट आहे. तो अगदीं हलका व चपळ म्हणून नांवाजला गेला; २००६ च्या अखेरीस तो बिटटॉरंट कंपनीनें विकत घेतला; नंतर त्यांत जाहिराती आल्या, आणि २०१५ सालीं त्याच्याबरोबर आभासी नाणीं पाडणारी एक आज्ञावली लोकांच्या यंत्रांत शिरते अशी ओरड झाली. त्याची घटना बंद असल्यानें असंतुष्टांना ती घेऊन वेगळी चूल मांडतां आली नाहीं. एका मठांतील महंत बिघडला तरी पोथी दुसऱ्या मठांत असली म्हणजे संप्रदाय टिकतो. पोथीच कुलुपांत असेल तर टिकत नाहीं.

लिनक्सच्या घरगुती पडद्यावर आज मुख्यतः चार-पांच नांवें पुढें येतात. ट्रान्समिशन हा २००५ सालीं निघाला. त्याचा बाज साधा आहे. टॉरंट उघडावा, जागा दाखवावी आणि बाकीचें त्याच्यावर सोपवावें. २००८ सालीं उबंटूनें तो आपल्या प्रतीबरोबरच देण्यास आरंभ केला, त्यामुळें लिनक्सच्या अनेक नवशिक्यांचा पहिला परिचय त्याच्याशीं झाला. तो जुन्या, कमी स्मरणशक्तीच्या संगणकावरहि कुरकुर करीत नाहीं. क्यूबिटटॉरंट २००६ सालीं फ्रान्समध्यें क्रिस्तॉफ ड्यूमे या विद्यार्थ्यानें आरंभिला. म्यूटॉरंटच्या सर्व सोयी खुल्या रूपांत द्याव्या, हा त्याचा हेतु होता आणि तो सफल झाला आहे. फाईलींचे वर्ग पाडणें, वेळापत्रकानें वेग आंवळणें, कोणता तुकडा कोठून येत आहे हें पाहणें, शोध घेणें, या सर्व सोयी त्यांत आहेत. त्याच वर्षीं निघालेल्या डेल्यूजची रचना दुभागलेली आहे. काम करणारा भाग एका यंत्रावर अहोरात्र चालूं द्यावा आणि पाहणारा भाग दुसऱ्या यंत्रावरून हवा तेव्हां उघडावा, ही त्याची खुबी आहे. केटॉरंट हा केडीई या सजावटीच्या परिवारांतला असून त्या परिवारांत तो शोभतो. आर-टॉरंट हा केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालतो. ज्यांस आज्ञा टंकून काम करण्याची संवय आहे त्यांस तो आवडतो, इतरांनीं त्याच्या वाटेस न गेलेलें बरें.

मग निवड कशानें करावी? वेगाची गोष्ट प्रथम बाजूस ठेवावी. तुकडे सर्वांस त्याच मंडळींकडून मिळतात. म्हणून साधारण गृहस्थास या क्लायंटांच्या वेगांत म्हणण्यासारखा फरक दिसत नाहीं. आमच्या मतें पहावयाच्या गोष्टी चार आहेत.

पहिली, घटना खुली आहे काय आणि तिची निगा आज कोणी राखीत आहे काय. खुलेपणानें दोष नाहींसे होतात असें मात्र समजूं नये. क्यूबिटटॉरंटमध्यें इतर स्थळांचीं सुरक्षा-प्रमाणपत्रें न तपासण्याचा दोष २०१० पासून होता व तो २०२४ सालीं दूर झाला. चौदा वर्षें तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, ही लाजेची गोष्ट खरी. परंतु कोणासहि तपासतां येत होतें म्हणून तो सांपडला आणि उघडपणें दुरुस्त झाला, हेंहि खरें. निगा नसलेला क्लायंट कितीहि गोजिरा असला तरी ठेवूं नये.

दुसरी, तो कोणाच्या हातून घ्यावा. मार्च २०१६ मध्यें ट्रान्समिशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील मॅक संगणकाची प्रत कोणीं तरी बदलली व तिच्यांत खंडणी मागणारी विषारी आज्ञावली घातली. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत पुन्हां तसेंच घडलें. लिनक्सवाल्यांस त्याची झळ लागली नाहीं. तरी धडा सर्वांसाठीं आहे : आपल्या लिनक्स-प्रतीच्या अधिकृत भांडारांतून, जेथें प्रत्येक वस्तूवर शिक्का तपासला जातो, तेथूनच क्लायंट घ्यावा. पोथी मूर्खाच्या हातीं देऊं नये हें जुनें वचन आहे. अनोळख्याच्या हातून घेऊं नये, हें आजचें त्याचें दुसरें अंग.

तिसरी, आपल्या परिस्थितीस तो मानवतो काय. कोंकणांत पावसाळ्यांत वीज वारंवार जाते, तार तुटते. अर्धी आलेली फाईल टाकून पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागला तर माणूस वैतागेल. वर सांगितलेले सर्व क्लायंट आलेले तुकडे तपासून राहिलेलेच मागवितात, ही मोठी सोय आहे. देवनागरी नांवांच्या फाईलींचाहि विचार करावा. टॉरंटच्या नियमांत नांवें यूनिकोडनें लिहावयाचीं असल्यामुळें मराठी पुस्तकास मराठींतच नांव देतां येतें. आपल्या ग्रंथाचें नांव परक्या लिपींत मोडून लिहिण्याचें आतां कारण उरलें नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. क्लायंट देण्याचें काम कितपत नीट करूं देतो? घरच्या तारेवर मुलांचा अभ्यास व वडीलमाणसांचें संभाषण चालतें. म्हणून देण्याचा वेग आंवळतां आला पाहिजे, रात्रीं सैल सोडतां आला पाहिजे, आणि घेतल्याच्या किती पट दिलें म्हणजे थांबावें हें ठरवितां आलें पाहिजे. या सोयी ट्रान्समिशनमध्यें साध्या रीतीनें व क्यूबिटटॉरंटमध्यें विस्तारानें आहेत. फाईल पूर्ण होतांच क्लायंट बंद करणारा मनुष्य, पोथी उतरून घेऊन ती माळ्यावर टाकणाऱ्यासारखा होय.

एवढ्यावरून आमचा अभिप्राय असा. सामान्य कुटुंबानें ट्रान्समिशन ठेवावा. ज्यांच्याजवळ फाईलींचा संग्रह मोठा आहे आणि ज्यांस बारकाईनें व्यवस्था लावण्याची आवड आहे, त्यांनीं क्यूबिटटॉरंट घ्यावा. एखाद्या गांवच्या वाचनालयांत जुना संगणक कोपऱ्यांत सतत चालूं ठेवावयाचा असेल तर डेल्यूज, अथवा ट्रान्समिशनचाच पडद्याविना चालणारा प्रकार, सोयीचा पडेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. टॉरंटच्या मंडळींत आपल्या संगणकाचा जाळ्यांतील पत्ता इतरांस दिसतो. येथें गुप्तता नाहीं, हें जाणून वागावें. आणि दुसऱ्याच्या मालकीचा ग्रंथ वा चित्रपट वांटूं नये. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या ग्रंथावर हक्क चालतो. लेखकाच्या पोटावर पाय देऊन केलेल्या प्रसारास ज्ञानदान म्हणतां येणार नाहीं. पण ही मर्यादा पाळूनहि देण्यासारखें पुष्कळ उरतें : स्वतः लिनक्स, संतांचे व पंडितांचे ग्रंथ, मुदत संपलेल्या जुन्या मासिकांचे अंक, आणि ज्यांच्या कर्त्यांनीं स्वखुषीनें मोकळीक दिली आहे तें सर्व.

येथें कोणी विचारील कीं आतां सर्व कांहीं मोठ्या कंपन्यांच्या भांडारांत ठेवलेलें असतें, हवें तेव्हां पडद्यावर पहावें, मग स्वतः प्रत बाळगण्याचा उपद्व्याप कशाला? या प्रश्नास उत्तर अलीकडच्या घटनांनींच दिलें आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या संग्रहांत कित्येक मराठी पुस्तकें होतीं. २०१७ च्या सुमारास त्याचें मूळ संकेतस्थळ बंद पडलें. त्यांतील लाखों पुस्तकांच्या प्रति इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेंतील संस्थेकडे गेल्या होत्या म्हणून तीं आज वाचावयास मिळतात. ती संस्था २०१२ पासून आपल्याकडील साहित्य टॉरंटानेंहि देते. पण त्या संस्थेवरहि ऑक्टोबर २०२४ मध्यें हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिचीं दारें बंद राहिलीं. एका ठिकाणीं ठेवलेलें धन कितीहि मोठ्या वाड्यांत असो, तें एकाच ठिकाणीं आहे ही त्याची दुर्बळता जात नाहीं. तंजावरच्या राजांनीं पोथी राखिली हे आपल्यावर त्यांचे उपकार. परंतु ती तंजावरास जाऊन शोधावी लागली, हें आपलें वैगुण्य.

शिवथरच्या घळींत आज प्रवासी जातात, दर्शन घेतात आणि भिजून परततात. तेथें बसून एकानें सांगितलें व दुसऱ्यानें लिहिलें, एवढेंच आपण सांगतों. त्यानंतर ज्यांनीं ती वही उतरून घेतली, ज्यांनीं ती घाट चढून वर नेली आणि मागणारास पुन्हां उतरूं दिली, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत. तरी दोनशें समास पुरे आपल्या हातीं आले ते त्यांच्यामुळेंच. रात्रीं घर निजल्यावर कोपऱ्यांतल्या संगणकावर क्लायंट चालूं ठेवून, कधींहि न पाहिलेल्या कोणा मनुष्यास एखाद्या जुन्या मराठी ग्रंथाचा तुकडा पोहोंचविणारा मनुष्य याच अनामिकांच्या पंगतीस बसतो. त्यानें कोणता क्लायंट निवडला हें फार महत्त्वाचें नाहीं. आपलें काम झाल्यावर त्यानें तो लगेच मिटला नाहीं, एवढें पुरे आहे.